'नाही' म्हणण्याआधी: चिनी भाषेत वस्तू कुठे आहे आणि कुठे नाही, हे कसं सांगायचं

दिवाळी झाली की आमच्या समोरच्या खोलीत कापूस येऊन पडतो. ढीग खिडकीच्या वरपर्यंत चढलेला असतो आणि दार उघडलं की कोमट, थोडा धुळकट वास येतो. त्याच खोलीबाहेर ओसरीवर मी संध्याकाळी सहा मुलांना चिनी शिकवते. गाव हिंगणघाट तालुक्यातलं. मी स्वतः वर्ध्याला चिनी शिकले आणि गेली अकरा वर्षं यंत्रांच्या पुस्तिकांची भाषांतरं करते. नव्या मुलांकडून पहिल्या महिन्यात मी एकच गोष्ट पक्की करून घेते: वस्तू कुठे आहे आणि कुठे नाही, हे सांगणं. मराठी माणसाला हे इंग्रजीतून शिकणाऱ्यापेक्षा सोपं जातं, पण एक अट आहे. मनात मराठीतून थेट चिनीकडे जायचं, मधे इंग्रजीत थांबायचं नाही.

खोलीतल्या कापसापासूनच सुरू करू.

'कापूस घरात आहे' आणि 'घरात कापूस आहे'. शब्द तेच, फक्त मागेपुढे. तरी आपण ही वाक्यं एकमेकांच्या जागी वापरत नाही. खेडा खरेदीचा व्यापारी दारात येऊन विचारतो, 'ताई, घरात कापूस आहे का?' आमच्याकडे कापूस आहे की नाही हेच त्याला माहीत नसतं. घर त्याच्या समोर आहे, त्यात काय आहे ते त्याला हवं असतं. नागपूरहून मामाचा फोन येतो तेव्हा प्रश्न वेगळा असतो: 'कापूस दिला का गं?' मी म्हणते, 'नाही मामा, कापूस घरातच आहे.' मामाला कापूस ठाऊक आहे, यंदा किती झाला तेही ठाऊक आहे. त्याला कापसाचा पत्ता हवा आहे.

मराठी या दोन्हीसाठी 'आहे' वापरते. चिनी तिथे दोन वेगळी क्रियापदं ठेवते.

मामाला: म्येनह्वा त्साय च्याली. (कापूस, आहे, घरात.)
व्यापाऱ्याला: च्याली यौ म्येनह्वा. (घरात, आहे, कापूस.)

वस्तू माहीत, जागा विचारली, तर 'त्साय'. जागा माहीत, त्यात काय ते विचारलं, तर 'यौ'. मुलांना मी सांगते, वाक्य बांधायच्या आधी विचारणारा मनात आणा: तो व्यापारी आहे की मामा आहे? आता आमच्या ओसरीवर 'हा मामा आहे' असं कोणी म्हणालं की बाकीच्यांना 'त्साय' कळतो.

उच्चाराचं इथेच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं देवनागरीत लिहिणार आहे. 'त्साय' मधला 'त्स' म्हणजे 'चाक', 'चमचा' यांतला च. 'च्याली' मधला च 'चहा', 'चार' यांतला. आपण हे दोन्ही च लहानपणापासून बोलतो, शिकावे लागत नाहीत. प-फ, त-थ, क-ख यांचा फरकही आपल्या तोंडात आधीच आहे आणि चिनीत तो फार महत्त्वाचा आहे. चीनने 1958 साली स्वीकारलेल्या पिनयिन या रोमन लेखनात 'बी' अक्षर दिसलं तरी तोंडून आपला प निघाला पाहिजे. म्हणून नकाराचा शब्द मी 'पू' लिहिते, 'बू' नाही. सूर (शब्द म्हणताना आवाज चढतो की पडतो ते) मात्र देवनागरीत उतरत नाहीत, ते ऐकूनच घ्यावे लागतात. एक आत्ताच लक्षात ठेवा: 'पू' एरवी वरून खाली पडतो, पण 'त्साय' आणि 'षृ' (हे तिसरं क्रियापद, पुढे येईल) यांच्या आधी तो खालून वर जातो, कारण ते दोन्ही शब्द स्वतःच पडत्या सुराचे आहेत.

'च्याली' मध्ये 'च्या' म्हणजे घर आणि 'ली' म्हणजे आत, आपला 'त'. 'षांग' म्हणजे वर, 'श्या' म्हणजे खाली, 'हौप्येन' म्हणजे मागे. हे सगळे नामाच्या मागून येतात, जसे आपले टेबलावर, झाडाखाली, शाळेमागे. च्वोत्स षांग, टेबलावर. षू श्या, झाडाखाली. इंग्रजीतून आलेली मुलं 'वर' आधी शोधतात आणि अडखळतात. आपल्याला काहीच फिरवावं लागत नाही.

फक्त तीन गोष्टी सांभाळायच्या. साध्या वस्तूच्या नावामागे हा 'वर-खाली-आत' लागतोच. नुसतं 'षू त्साय च्वोत्स' (हा 'षू' पुस्तकाचा, झाडाच्या 'षू' पेक्षा सूर वेगळा) म्हटलं तर ते 'पुस्तक टेबल आहे' इतकं तुटकं वाटतं. गावाच्या आणि देशाच्या नावामागे तो लागत नाही. आपण 'हिंगणघाटात' म्हणतो म्हणून तिथे 'ली' चिकटवायचा मोह होतो, तो आवरायचा. आणि माणूस ही चिनीत जागा होऊ शकत नाही. 'पुस्तक सरांकडे आहे' यातल्या 'कडे' साठी 'नार' लागतो: षू त्साय लाओषृ नार. हा 'नार' गाळला तर वाक्य उभंच राहत नाही.

जागेच्या नावावर 'ली' लागत नाही, हे पक्कं करायला मी डॉ. कोटणीसांचं वाक्य देते. 1938 साली भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले, त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. आमच्या मुलांना कोटणीस माहीत असतात, चोळकर नसतात, म्हणून मी दोन्ही नावं सांगते. कोटणीस 1942 साली तिकडेच वारले. त्यांची समाधी षृच्याच्वांग शहरात आहे.

था त मू त्साय षृच्याच्वांग. त्यांची समाधी षृच्याच्वांगला आहे.
था त मू पू त्साय यिन्तू. त्यांची समाधी भारतात नाही.

दुसऱ्या वाक्यात नकार आला. 'पू त्साय' म्हणताना समाधी आहेच, हे धरलेलं आहे. नाकारली ती फक्त जागा. समाधी आहे, पण इथे नाही, दुसरीकडे आहे.

आता 'यौ' चा नकार. 'यौ' ला 'पू' कधीच लागत नाही, त्याला 'मेइ' लागतो.

चिंग ली यौ ष्वेइ. विहिरीत पाणी आहे.
चिंग ली मेइ यौ ष्वेइ. विहिरीत पाणी नाही.

इथे दुसरीकडे पाणी असल्याचं काहीही धरलेलं नाही. विहीर आहे, पाणी नाही, वाक्य संपलं. एप्रिलमध्ये आमच्या वावरातल्या विहिरीबद्दल बोलताना हेच वाक्य लागतं. 'ष्वेइ पू त्साय चिंग ली' म्हटलं तर ऐकणारा विचारेल, मग ते पाणी गेलं कुठे?

हा फरक मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, शिकले, आणि तो शिकताना इतरांना त्रास झाला. रुईच्या गाठी बांधायचा नवा प्रेस बसत होता. यंत्र चीनहून आलेलं, तिकडचा तंत्रज्ञ फोनवर आणि मधे मी. प्रेस दाब घेत नव्हता. त्याने विचारलं, 'यौश्यांग ली यौ मेइ यौ यौ?' टाकीत तेल आहे की नाही? (तेल या शब्दाचा उच्चारही 'यौ', पण सूर चढता, आपण 'हो?' असं विचारतो तसा. 'आहे' या अर्थाचा 'यौ' खाली जाऊन परत वर येतो.) मी फिटरकडे पाहिलं. तो मराठीत म्हणाला, 'तेल टाकीत नाही.' मी त्याचे शब्द त्याच क्रमाने उचलले: 'यौ पू त्साय यौश्यांग ली.'

तंत्रज्ञाचा आवाज बदलला. 'तेल टाकीत नाही' याचा त्याने तोच अर्थ घेतला जो माझ्या वाक्यात होता: तेल होतं, ते टाकीत नाही, म्हणजे ते कुठेतरी बाहेर गेलं. वीज बंद करायला लावली. प्रत्येक नळी, प्रत्येक जोड पुसून बघायला लावला. दोन माणसं दोन तास यंत्राखाली पाठीवर पडून होती. शेवटी त्यानेच विचारलं, तेल कोणत्या दिवशी भरलं होतं? तेव्हा कळलं, ते भरलंच नव्हतं. 'यौश्यांग ली मेइ यौ यौ' एवढं म्हटलं असतं तर पाच मिनिटांत डबा उघडला असता. यंत्राखालून बाहेर आलेल्या त्या दोघांचे ग्रीसने माखलेले कोपर मला अजून दिसतात. फिटरची चूक नव्हती. मराठीत त्याचं वाक्य बरोबर होतं. मी शब्दांचा क्रम उचलला आणि प्रश्न सोडून दिला.

आणि उत्तर तर प्रश्नातच होतं. चिनीत असा प्रश्न बऱ्याचदा होकार-नकार जोडून विचारतात: 'यौ मेइ यौ', 'त्साय पू त्साय'. उत्तर देताना त्यातलाच एक तुकडा परत द्यायचा. 'यौ मेइ यौ' विचारलं तर 'यौ' किंवा 'मेइ यौ'. 'त्साय पू त्साय' विचारलं तर 'त्साय' किंवा 'पू त्साय'. आपल्या एकट्या 'नाही' सारखा सगळीकडे चालणारा शब्द तिकडे नाही. म्हणून कान प्रश्नातल्या क्रियापदावर ठेवा. एवढी एक सवय लागली तर बऱ्याच चुका होण्याआधीच टळतात.

'मेइ यौ' च्या पुढे सहसा संख्याही राहत नाही. 'टेबलावर एक पुस्तक आहे' हे 'च्वोत्स षांग यौ यी पन षू', पण नकारात 'यी पन' गळतं आणि नुसतं 'च्वोत्स षांग मेइ यौ षू' उरतं. मराठीतही आपण 'टेबलावर एक पुस्तक नाही' म्हणत नाही. 'एकही नाही' असा जोर द्यायचा असेल तर 'यी पन षू ये मेइ यौ'. हा 'ये' म्हणजे आपला 'ही', 'मीही येतो' मधला. 'एकही' मधला 'ही' आणि 'मीही' मधला 'ही' मराठीत एक, चिनीतही एकच. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी वहीत ती ओळ दोनदा लिहिली होती.

मुलांची अजून एक हटकून होणारी चूक म्हणजे 'त्साय च्याली यौ म्येनह्वा'. 'घरात' मधल्या 'त' साठी पुढे 'त्साय' लावतात. तो 'त' म्हणजे 'ली', तो आधीच आला आहे. वाक्य जागेनेच सुरू करा, पुढे काही लावू नका.

तिसरं क्रियापद 'षृ'. जीभ मागे वळवून नुसता ष धरायचा, त्यात स्वर जवळजवळ नाही. शाळेच्या मागे काहीतरी दिसतंय, गोल कठडा आहे, पण ते काय आहे? तेव्हा उत्तर 'षृ' ने येतं: श्वेश्याओ हौप्येन षृ यी खौ चिंग. शाळेमागे आहे ती विहीर. ('खौ' म्हणजे तोंड. चिनीत विहिरी तोंडांवर मोजतात.) 'यौ' म्हटलं असतं तर शाळेमागे विहीर आहे, आणखीही काही असेल, कोठा असेल, चिंचेचं झाड असेल. 'षृ' म्हटलं की ती जागा त्या एका वस्तूची झाली.

याचा नकार 'पू षृ', आणि त्याला मराठीत आपल्याकडे नेमका शब्द आहे: नव्हे. माझी आजी 'नोहे' म्हणायची. 'विहीर नोहे ते, टाकं हाय.' श्वेश्याओ हौप्येन पू षृ चिंग, षृ ष्वेइछृ. काहीतरी आहे हे कबूल, ते विहीर असणं नाकबूल. आजकाल मुलं 'नव्हे' च्या जागीही 'नाही' वापरतात, म्हणून त्यांना 'मेइ यौ' आणि 'पू षृ' यांत गोंधळ होतो. ज्यांच्या घरी आजीशी बोलणं आहे त्यांना तो होत नाही, हे मी दरवर्षी पाहते. घरची बोली मोडू नका, ती इथे कामाला येते.

आता 'पू त्साय' ची एक बाजू सांगायची राहिली. 'त्साय' ला 'पू' लागतो तसा 'मेइ' ही लागतो. 'पापा श्यावू पू त्साय च्या', बाबा दुपारी घरी नसतात. रोजचं असेल, आत्ताचं असेल किंवा उद्याचं, तिथे 'पू'. आणि 'मी गेले तेव्हा ते घरी नव्हते' या एका झालेल्या वेळेसाठी 'मेइ त्साय'. भूतकाळात 'पू त्साय' ही चिनी लोक बोलतात, ते चूक नाही. पण शिकताना 'नसतात' ला 'पू' आणि 'नव्हते' ला 'मेइ' ही जोडी धरा.

जागेबरोबर काम आलं की नकार कुठे बसतो यावर अर्थ फिरतो. 'मी घरी चहा पीत नाही' या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात. चिनी ते दोन वेगळे करते.

वो पू त्साय च्या हअ छा. मी चहा पिते, पण घरी नाही, टपरीवर पिते.
वो त्साय च्या पू हअ छा. घरी असते तेव्हा मी चहा पीत नाही.

नकार ज्याच्या आधी बसला ते नाकारलं गेलं. पहिल्यात जागा, दुसऱ्यात पिणं. भाषांतर करताना मी इथे दर वेळी थांबते आणि मूळ वाक्यात काय नाकारलं आहे ते बोट ठेवून बघते.

वऱ्हाडी बोलणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. चिनीत 'तो जेवतो आहे' हे 'था त्साय छृफान' असं म्हणतात. 'त्साय' म्हणजे 'एखाद्या ठिकाणी असणं', तोच शब्द चालू कामाला लावला. पुण्याच्या एका मैत्रिणीला हे विचित्र वाटलं. मला नाही वाटलं, कारण आमच्याकडे 'तो जेवून राह्यला' म्हणतात. राहणं हे जागेचं क्रियापद, तेच आम्ही चालू कामाला लावतो. 'काय करून राह्यला?' विचारत वाढलेल्या मुलाला हा 'त्साय' समजावून सांगावा लागत नाही. नकार करताना मात्र 'मेइ' घ्या: था मेइ त्साय छृफान. तो जेवून नाही राह्यला.

भिंतीवर टांगलेलं, दारावर लिहिलेलं, अंगणात उभं असलेलं, अशा वाक्यांत क्रियापदाला 'च' जोडतात: छ्यांग षांग क्वाच यी चांग ह्वा, भिंतीवर एक चित्र टांगलेलं आहे. नकारात बहुधा 'च' जातो आणि 'यी चांग' ही जातं: छ्यांग षांग मेइ क्वा ह्वा, चित्र टांगलेलं नाही. 'मेइ' च्या जागी 'पू' घातला तर 'भिंतीवर चित्रं टांगत नाही' असा अर्थ होतो, म्हणजे तशी रीत नाही किंवा तसा इरादा नाही.

शेवटी एक छोटासा शब्द, 'ल'. वाक्याच्या टोकाला लागला की 'आता' असा भाव येतो, पूर्वी वेगळं होतं, आता असं आहे. माणसाबद्दल तो फार जपून वापरा.

त्या प्रेससाठी पुढे एक अभियंता प्रत्यक्ष आला होता. थंडी होती, आजोबांनी त्याला वावरात नेऊन हुरडा खाऊ घातला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी तासभर बसले. नंतर फोन झाला की तो पहिल्यांदा आजोबांची विचारपूस करायचा. एकदा आजोबा बंडी घेऊन वावरात गेलेले. मला म्हणायचं होतं, आत्ता घरी नाहीत. मी म्हणाले, 'येय पू त्साय ल.' पलीकडे शांत झालं. मग हळू आवाजात तो म्हणाला, 'च्ये आय.' दुःख आवरा, असं घरात कोणी गेल्यावर म्हणतात. 'पू त्साय ल' म्हणजे आपलं 'ते आता नाहीत'. मराठीतही हेच वाक्य, हाच अर्थ, आणि तरी मला ते बोलताना जाणवलं नाही. मी घाईने म्हणाले, 'पू षृ, पू षृ! येय त्साय ती ली.' नव्हे, नव्हे, आजोबा वावरात आहेत. 'पू त्साय' च्या पुढे 'च्या' घालायला हवं होतं: येय पू त्साय च्या. घरी नाहीत, एवढंच. आजोबा संध्याकाळी आले, त्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, 'त्याले फोन लाव, मी बोलतो.' आणि वऱ्हाडीतच दोन मिनिटं बोलले.

दोन वर्षांनी ते गेले. त्या अभियंत्याला मीच कळवलं, त्याच शब्दांत. या वेळी ते बरोबर होते.

मुलांना फेब्रुवारीत मी जो अभ्यास देते तो तुम्हीही करा. कापूस विकला गेला. समोरची खोली झाडून घेतली, कोपऱ्यात थोडी सरकी आणि भिंतीवर चिकटलेले धागे, बस. व्यापारी पुन्हा दारात येतो. त्याला सांगायचं: च्याली मेइ यौ म्येनह्वा ल. घरात आता कापूस नाही. तेवढ्यात मामाचा फोन वाजतो. त्याला: म्येनह्वा पू त्साय च्याली ल. कापूस आता घरात नाही. मामा लगेच विचारतो, मग कुठाय, कोणाला दिला? व्यापारी मात्र काही न विचारता पुढच्या घराकडे वळतो. आपल्या घरातल्या दहा वस्तू घ्या, प्रत्येकीसाठी ही दोन्ही नकाराची वाक्यं मोठ्याने म्हणा, आणि प्रत्येक वेळी समोर कोण उभं आहे ते आधी ठरवा.